आईशेजारची जागा

१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. अक्षर थरथरलेलं दिसलं, पण ‘ळ’ अजून तसाच गोल, ते पाहून जरा बरं वाटलं. आम्ही दोघं ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा हेच जास्त.

विहिरीचं पाणी पुरतं खारट झालंय. पहिल्या दिवशी चहाचा घोट घेऊन हे म्हणाले, "साखरेच्या डब्यात मीठ भरलंस की काय?" मीही आधी डबाच तपासला! आता प्यायचं पाणी टँकरने येतं. भाताची खाचरं पांढरी पडलीत. माडांचे शेंडे गळून नुसते खांब उभे आहेत. शाळेत भूगोलाच्या सिस्टर सांगायच्या, किनारा काढताना पेन्सिल उचलायची नाही, आठवतं? तुझा नकाशा नेहमी भिंतीवर लागायचा. तो किनारा राहिला नाही गं. कोळंबीच्या तळ्यांसाठी खाडीतली झाडी तोडली, तेव्हापासून समुद्राला अडवणारं कुणी उरलं नाही.

तू विचारलंस, ‘आईशेजारची जागा माझ्यासाठी ठेवली आहेस ना?’ डॉक्टर काय म्हणाले ते तू लिहिलं नाहीस, पण त्या एका प्रश्नावरून कळलं. तेव्हापासून रोज कागद घेऊन बसते आणि विहिरीबद्दल लिहून उठते.

आज लिहितेच. पावसाळ्याच्या तोंडावर भरतीचं पाणी दफनभूमीच्या भिंतीला लागलं. ज्याने त्याने आपापली पुरलेली माणसं टेकडीवर हलवायची, असं ठरलं. आम्हाला टेम्पो मिळाला तो जेमतेम दुपारपुरता. हे म्हणाले, "थडग्याचा दगड जड आहे, टेम्पो आहे तोवर तो नेऊ. आईंना उद्या हातांवर नेऊ, त्यांचं वजन ते किती!"

"अहो, आई आधी," मी म्हटलं.

"एका रात्रीत काय होतंय?"

आईच्या नावाचा दगड टेकडीवर उभा केला, फुलं ठेवली, घरी आलो. सकाळी गेलो तर भिंत नव्हती. भिंतीच्या आतलं काहीच नव्हतं. गुडघाभर गढूळ पाणी होतं. हे त्यात उतरले आणि हातांनी चिखल चाचपत राहिले. मी हाका मारल्या. मग हाका मारायच्याही सोडल्या.

हे म्हणतात, "ताईंना कळवू नकोस. दगड आहे, शेजारी जागा आहे, त्यांना समाधान वाटेल." आणि ओहोटी लागली की एकटेच किनाऱ्यावर जातात. परततात तेव्हा नखांत चिखल असतो. मी गरम पाणी पुढे करते.

ताई, दगडाशेजारी जागा आहे. हवी असेल तर ये. शेवटपर्यंत मी तुझं सगळं करीन. पण आई तिथे नाही. ती कुठे आहे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्यांदा पोरकी झालेली,
तुझी धाकटी