खरखरीत उतारावरचं गणित

प्रिय नाना,

काल तुमचं तेरावं झालं. मुक्ताईनगरला सगळे आले, मी आलो नाही. धुळ्यात अकरावीचे फिजिक्सचे पेपर तपासत बसलो होतो. आजही तेच करत होतो, पण आता पुढे तपासवेना, म्हणून लिहितोय.

प्रश्न साधा होता. खरखरीत उतारावरून ठोकळा घसरतो, खाली पोचताना त्याचा वेग किती? जवळजवळ सगळ्यांनी एमजीएच बरोबर हाफ एमव्ही स्क्वेअर लिहून टाकलंय. घर्षणात गेलेल्या ऊर्जेचं नावही नाही. का असेल? मीच शिकवलं ना तसं. उंची दिली, वेग विचारला, की हे सूत्र ठोका, म्हणालो होतो.

तुम्ही मला शिकवताना सूत्राला हात लावू द्यायचा नाहीत. आधी दोन चित्रं, सुरुवातीचं आणि शेवटचं. मग विचारायचात, "पोऱ्या, बठ्ठी ऊर्जा कोठे गई, ते सांग." सगळ्या ऊर्जेचा हिशेब लागल्याशिवाय सूत्र नाही. एकदा मला सांगता येईना, तर कॉलेजमागच्या विहिरीवर नेलंत. भरलेली बादली वर ओढायला लावलीत आणि म्हणालात, आता दोर हातातून सरकू दे. बादली हळूच पाण्याला टेकली, माझे तळवे मात्र चरचरत होते. "गई ना हातमा?" म्हणून तुम्ही हसलात.

पुढे त्याच कॉलेजात मी तुमचा विभागप्रमुख झालो. एका गणितावर अख्खा तास घालवतात, पोर्शन मागे पडतो, अशी पालकांची कुरकुर होती. मी तुमच्याशी बोललोसुद्धा नाही. अकरावीचे तुमचे तास स्वतःकडे घेतले आणि वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावून टाकलं.

तुम्ही ते वाचलंत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "बरं केलं, सर." मला सर? भांडला का नाहीत हो नाना? चार शिव्या घातल्या असत्यात तर मला सोपं गेलं असतं.

मग तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात. येतो, येतो म्हणत माझं यायचं राहून गेलं. कामं होती हे खोटं. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

सोमवारी पेपर वाटताना पोरांना सांगेन, ही चूक तुमची नाही, माझी आहे. मग हे एकच गणित घेऊन तास संपेपर्यंत फळ्याशी उभा राहीन. पोर्शन राहिला तर राहू दे. आणि हा तास नानांचा होता, मी तो त्यांना न विचारता काढून घेतला, हेही सांगेन. तुमच्यासमोर बोलायचं होतं ते. आता पोरांसमोर बोलेन.

तुमचा विद्यार्थी,
सुनील