डबीतलं जायफळ

मुलुंड, शुक्रवार संध्याकाळ

जिने आम्हाला वाढवलं, त्या आईला चूक कसं म्हणायचं?

उद्या वहिनी दोन वर्षांच्या ओमला घेऊन दादाकडे कॅनडाला निघतेय. एकटीच. तो विमानात झोपावा म्हणून आईने जायफळाची पूड करून डबीत भरली. एवढीशी डबी.

"रडायला लागला की दुधातून दे," ती वहिनीला म्हणाली.

"आई, पण किती?" मी विचारलं.

"अंदाजाने गं. तुला सहाणेवर उगाळून एक वेढा द्यायचे. मेलीस का? ग्रॅज्युएट झालीस म्हणून मला शिकवू नकोस."

वेढा मोजता येतो. पूड कशी मोजणार? ओम रडतोय, सगळे वळून बघतायत, वहिनी घाबरलेली आणि हातात ती डबी. एक चिमूट, मग आणखी एक. मग तो उठलाच नाही तर?

डॉक्टरांना फोन केला. झोपेसाठी काहीही देऊ नका, म्हणाले. त्याच्या सीटवर पट्टा बांधूनच झोपवा.

"आणि रडला तर?" वहिनी हळूच म्हणाली.

"रडू दे ना. लोक बघतील, एवढंच," मी म्हटलं.

पूड बेसिनमध्ये ओतली. डबी धुऊन आईसमोर ठेवली आणि मीच ओतली म्हणून सांगितलं.