अण्णांच्या काळजातला फेस

ऐरोली, सोमवार

ती. जयमालावन्संना उज्वलाचा नमस्कार. तुमचे गुडघे ठीक असतील, साताऱ्याला सगळे खुशाल असतील, असं धरून चालते. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (राग मानू नका, पण देत नाही), म्हणून हे पत्र हिरामणभाऊजींच्या टेम्पोतून पाठवते. आधी मुद्द्याचं वाचा. अण्णा बरे आहेत. त्यांच्या काळजाला फेस आलेला नाही, कधीच आला नव्हता.

झालं असं, की पायाच्या जखमेचं विष अंगात भिनून शनिवारी अण्णांचं बीपी पार खाली गेलं. ते वर आणायचं औषध हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही, म्हणून डॉक्टर ऋताबाईंनी खांद्याजवळच्या हाडाखालून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली. ती नीट बसली का हे एक्स-रेवर बघतात, पण आयसीयूतलं मशीन नेमकं बंद. "थांबायला वेळ नाही, सोनोग्राफीवर बघते," बाई म्हणाल्या. तर तुमचे बंधू म्हणतात, "मॅडम, वडलांना पोटाचा काही त्रास नाही हो!" बाईंनी मानेवर यंत्र फिरवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. नळी खाली जायची सोडून वर मानेत शिरली होती. (अण्णांच्या अंगातली नळी, ती सांगितलेल्या वाटेनं कशाला जाईल?)

बाईंनी नळी मागे घेतली, पुन्हा घातली, पुन्हा बघितलं. मग सिरिंजमध्ये सलाईन जराशा हवेबरोबर घुसळून नळीतून सोडलं, आणि पडद्यावर अण्णांच्या धडधडत्या हृदयात पांढरे बुडबुडेच बुडबुडे. "लगेच पोचले. म्हणजे नळी जागेवर आहे. औषध सुरू करा," त्या सिस्टरना म्हणाल्या. इथे माणसानं देवाला हात जोडावेत की नाही? तुमच्या बंधूंनी मोबाईल काढला, पडद्याचा व्हिडिओ घेतला आणि खाली एक अक्षर न लिहिता घरच्या ग्रुपवर टाकला!

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, पहिल्या रडलात त्या तुम्हीच. हिरामणभाऊजींनी लिहिलं, "अण्णांच्या काळजाला फेस आलाय, सगळे निघा." आणि त्यांच्यासकट चुलत घरातले झाडून सगळे टेम्पोत बसून निघाले! रविवारी हॉस्पिटलच्या दारात भाकरीची गाठोडी सोडून बसले. वॉचमन मला हळूच विचारतो, "मॅडम, मयत कधी नेणार?" अण्णा आत चहा मागत होते. (भाऊजींनी येताना मडकंही आणलंय. विचारलं तर म्हणे, "असू द्या, पानी प्यायला.") बुडबुडे डॉक्टरांनीच तपासायला सोडले, त्यानं काही होत नाही, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. त्यावर भाऊजी म्हणतात, "म्हंजे आपल्याच पैशानं हवा भरत्यात व्हय?"

आज सगळ्यांना टेम्पोत बसवून लावून देते. तुम्ही मात्र आता निघू नका. कुणीच निघू नका.

तुमची,
उज्वला

ता. क. डॉक्टर म्हणतात, औषधाचं प्रमाण उतरवत आणलंय, नळी दोन-चार दिवसांत निघेल.

आणखी ता. क. वर निघू नका लिहिलंय ते खोडायला गेले तर कागद फाटेल. या तुम्ही. पण एकट्या या. अण्णांपाशी बसा, तुमच्या बंधूंना काय ते सुनवा. मला कुणालाही काहीही समजावून न सांगता नुसतं झोपायचंय.