चाळणीला टेकू

८ एप्रिल
गुणवंतीच्या हातून आज चाळण पडली. गिऱ्हाइकाची कुटलेली बेडगी मिरची फरशीवर! बाबा – माझे सासरे, दुकान त्यांचं – हात जोडून माफी मागत होते. ती उजवा खांदा धरून पाटावर तशीच बसून.

एकोणीस वर्षं ती आमच्याकडे डंखाखाली – कुटायच्या यंत्राखाली – कुटलेला मसाला चाळते. जमिनीवर बसून, वाकून, हात पुढे ताणून. त्यातली चौदा वर्षं मी ते बघतेय. बघतेय?

संध्याकाळी बाबा म्हणाले, "ऐन हंगाम आहे. दुसरी बाई बघ, हिला घरी बसू दे."
गुणवंतीनं ऐकलं. "घराक बसान काय करू? भिंतींका फोडणी घालू?"
बाबांशी असं कुणी बोलत नाही! तिचं काम सोपं करून बघायला मी पंधरा दिवस मागून घेतले.

१२ एप्रिल
टेबल आलं. भक्कम. आता उभ्यानं चाळायचं, पाठ सरळ. मला माझंच कौतुक वाटलं – वाटलं, म्हणून लिहिते.

१३ एप्रिल
गुणवंती उपड्या डब्यावर उभी राहून चाळत होती. सुताराला माप मी माझ्या कोपराचं दिलं! ती जेमतेम माझ्या खांद्याला लागते.
"वहिनी, चाळूक तुमी येतलात काय?"
डबा सरकला असता तर? टेबलाचे पाय लगेच कापून घेतले. या वेळी तिला उभं करून.

१५ एप्रिल
उंची जमली, तर गिऱ्हाइकं बिथरली. ठाकूरद्वारच्या कालिंदीताई स्वतःची मिरची आणतात आणि मसाला होईस्तोवर बाकड्यावर बसून पहारा देतात. सगळ्याच देतात – आपला मसाला दुसऱ्याच्यात जायला नको. आता टेबल वर, बाकडं खाली. त्यांना चाळण दिसेना.
"वर नेऊन काय मिसळताय? माझ्या डोळ्यांसमोर चाळा!"
गुणवंती परत पाटावर बसली.

१७ एप्रिल
दुपारी दुकान रिकामं. गुणवंतीनं चाळण माझ्या हातात दिली, स्वतः बाकड्यावर जाऊन बसली. "चाळा. मी बघतंय."

दहा मिनिटांत खांद्यात कळ. उंची बरोबर होती की! मग? – भरलेली चाळण हवेत तोलून धरायची, आणि धरून हलवायची. दुखणं त्यात आहे. चौदा वर्षांत मी एकदाही हातात घेतली नव्हती. सुतार मात्र आधी बोलावला.
"दहा मिनटा? माका वाटला पाच."

२० एप्रिल
टेबलावर दोन लोखंडी दांडे बसवले, मध्ये खाली परात. चाळण दांड्यांवर टेकते, नुसती पुढे-मागे ढकलायची. दांड्यांमधलं अंतर गुणवंतीनं ठरवलं. मी गप्प राहिले – जमलं! बाकड्याच्या जागी उंच स्टुलं. कालिंदीताई हाताला धरून चढल्या. "सिंहासनच की गं!" दोन तास उतरल्या नाहीत.

२४ एप्रिल
पंधरा दिवस काल संपले. बाबांनी विषय काढला नाही. मीही नाही.

९ मे
परळच्या डॉक्टरांनी गुणवंतीला खांद्याचे व्यायाम दिलेत. टेबलामुळे बरं वाटतंय की व्यायामांमुळे? खरं तर मला श्रेय हवंय. कसलं हे!

आज बाबाच एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्याकडे चाळण टेकवून चाळतात." आमच्याकडे!

५ जून
गेल्या वर्षी गुणवंतीनं केस मानेपर्यंत कापले, तेव्हा आम्ही तिला 'हिरॉईन' म्हणून चिडवलं होतं. मीसुद्धा. आज म्हणाली – हात मागे जात नव्हता, अंबाडा घालता येत नव्हता, म्हणून कापले.
"आता परत वाढवतंय."