काही सापडलं नाही

अप्पा, परवा नौपाड्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला हा त्रास होता का. आईला होता, म्हटलं. "मग उपचार काय झाले?" मी म्हणाले, "मार." बाईंनी तेही लिहून घेतलं. दोन वर्षं माझं पोट बिघडलेलं. आधीच्या डॉक्टरांनी नेहमीची तपासणी करून, सगळं मनाचं आहे म्हणत, मला भजनी मंडळात जायला सांगितलं होतं. या बाईंनी शौचाचा नमुना पाठवला तो आतड्यात मुक्कामाला असलेल्या यच्चयावत जंतूंची पाहणी करणाऱ्या लॅबमध्ये. कोण माजलेत, कोण नाहीसे झालेत, यावरून जुनाट सुजेचा संशय आला आणि पोटाच्या दुर्बीण-तपासणीत तो खरा ठरला. आईचंही हेच होतं, हे आता कोण सिद्ध करणार? पण लक्षणं हीच.

तेव्हा आपल्या कळव्याच्या चाळीत आई दिवसातून दहा वेळा टमरेल घेऊन धावते. चाळ हसते, असं तुम्ही म्हणता. एका सकाळी टमरेल हिसकावून तिच्या कपाळावर हाणता. पत्र्याच्या कडेनं भुवई फाटते, परातीतल्या पिठात रक्त सांडतं, आणि तरी ती दाराकडेच बघत राहते, कारण तिला जायचं असतं. तुम्ही दाराला पाठ लावून उभे. शेवटी तिथेच, माझ्यासमोर, लुगड्यात.

मी तेव्हा खोपटच्या एका लॅबमध्ये नोकरीला होते. आईचा नमुना मीच नेला, मीच तपासला, रिपोर्टही मीच टाइप केला. मला कॉन्व्हेंटात घातल्याचा तुम्हाला कोण तोरा! त्याच संध्याकाळी रिपोर्ट आधी इंग्रजीत मोठ्यानं वाचायला लावलात, मग मराठीत सांगायला. काही सापडलं नाही, असं मी सांगितलं. तुम्ही कागदाचा बोळा करून आईच्या तोंडात कोंबलात. "खा आता. तुझ्या लेकीनंच लिहिलंय."

तुम्हाला मी जन्मभर राक्षस म्हणत आले. मेलात म्हणून सूट नाही. पण हे पत्र माझ्याच फाइलीत राहील, दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच होता, की आम्ही शोधत होतो ते चार-पाच जंतू मिळाले नाहीत. बाकीच्यांकडे बघायची सोयच नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एक वाक्य जास्त बोलायचं होतं, बोलले नाही. सकाळचं ते लुगडं मी धुतलं होतं, आणि मला आईचा राग आला होता.