अकरा मीटरचा अपमान

२ मार्च, सकाळी ६.४०
आजपासून ही वही. वाचणारा मीच, त्यामुळे खोटं लिहायचा प्रश्न येत नाही.

३१ तारखेला सायकल ग्रुप घाट चढणार. अट एकच: त्याआधी एका फेरीत किमान तीनशे मीटर चढाई केल्याचा पुरावा सायकल कॉम्प्युटरवर दाखवायचा. ग्रुपच्या कॅप्टनबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, पुराव्याशिवाय त्या सूर्य उगवल्याचंही मान्य करायच्या नाहीत. साडूने गेल्या वर्षी हा घाट केला. तेव्हापासून आमच्याकडे जेवायला आला की तो पुन्हा पहिल्या वळणापासून चढायला लागतो आणि माझी आमटी गार होते. यंदा मी चढणार. वय चोपन्न, पाय चाळीसचे.

व्हिडिओ बघून मागचा ब्रेक स्वतःच टाइट केला. चांगला आवळला. एवढ्याशा कामासाठी दुकानात धावणारी माणसं मला कळत नाहीत.

३ मार्च, सकाळी ८.१५
कालव्याच्या कडेचा रस्ता, चौदा किलोमीटर. काय चढ आहे! वीस वर्षं इथून स्कूटरने जातोय, कधी जाणवला नव्हता. विशेष म्हणजे येतानाही चढच. दोन्हीकडून चढ असलेला रस्ता दुर्मिळ असणार. माझा अंदाज, अडीचशे मीटर तरी.

कॉम्प्युटर म्हणतो, अकरा.

४ मार्च
पुन्हा अकरा. यंत्र बिघडलंय.

बायकोला शंका. आपण जाताना कालव्याचं पाणीही त्याच दिशेला वाहतं, मग तो चढ कसा? म्हटलं, पाणी काय सायकल चालवतं? त्याला काय कळणार. मागच्या चाकातून किर्र आवाज येतो, असंही ती म्हणाली. वारा असतो तो.

६ मार्च
माहितीपुस्तक वाचलं. यंत्र हवेच्या दाबावरून उंची काढतं. पोटाशी टाचणीएवढं भोक असतं. ते घामाने बुजलं की आकडे चुकतात. सापडलं! मी इतकी मेहनत करतो की यंत्र गुदमरतं.

पुस्तकात लिहिलंय, कोमट पाण्याने धुवा, सुई घालू नका. सुई घातली. लिहिणाऱ्याने माझा हात पाहिलेला नाही.

७ मार्च
उंची उणे चाळीस. म्हणजे सकाळभर मी समुद्राच्या तळाशी सायकल चालवत होतो. बायकोने विचारलं, मासे दिसले का.

१० मार्च
कोमट पाण्याने धुतलं, दोन दिवस वाळवलं. यंत्र ताळ्यावर आलं. कालवा. अकरा.

१२ मार्च, संध्याकाळी
यंत्र जेवणाच्या टेबलावर चालूच राहिलं होतं. ऑफिसहून येऊन पाहतो तर चढाई चौदा मीटर! दिवसभर आभाळ भरून आलं, दाब उतरला, म्हणून यंत्राला आपण वर चाललोय असं वाटलं. पुस्तकात तसंच दिलंय. म्हणजे आमचं टेबल माझ्यापेक्षा तीन मीटर जास्त चढलं. बायकोने ही बातमी लगेच फोनवर बहिणीला सांगितली. मागून साडूचं हसणं मला हॉलमध्ये ऐकू आलं.

निर्धार: कुणापुढेही झुकायचं नाही. फर्निचरपुढे तर नाहीच.

१५ मार्च
सुरुवातीची उंचीच चुकीची भरली असणार. स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पाटीखाली उभं राहून ती यंत्रात भरली. तिकीट तपासनिसाने विचारलं, कुठे जायचंय? म्हटलं, वर. तो जरा मागे सरकला.

तिथून थेट कालवा. अकरा. आता हे यंत्र मुद्दाम करतंय.

१९ मार्च, दुपारची सुट्टी
शास्त्रीय चाचणी. ऑफिसच्या लिफ्टने तळमजला ते सातवा. यंत्र म्हणालं एकवीस मीटर. बरोबर! लिफ्टमध्ये खरं बोलतं, कालव्यावर खोटं. एका चाचणीवर विसंबणं मात्र अशास्त्रीय, म्हणून पंधरा वेळा गेलो. अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं, कितवा मजला? म्हटलं, सगळे.

एकूण तीनशे पंधरा मीटर. अटीत 'सायकलवर बसून' असे शब्द कुठेही नाहीत. आकडा कॅप्टनबाईंना पाठवला.

२० मार्च
कॅप्टनबाईंचा फोन. तीनशे पंधरा मीटर चढाई आणि अंतर शून्य किलोमीटर, हा पराक्रम कोणत्या रस्त्यावर केला, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, यंत्राचं राहू द्या, सायकल तपासून घ्या. चोपन्नाव्या वर्षी मला अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटलं.

सायकल कशाला तपासायची? सायकल ठणठणीत आहे.

२३ मार्च
केवळ त्यांच्या शब्दाखातर सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराला यंत्र दाखवू लागलो. त्याने ते हातातही घेतलं नाही. मागचं चाक उचललं, एक जोरदार गिरकी दिली. अर्धा फेरा होऊन चाक थांबलं. किर्र.

ब्रेक चाकाला घट्ट धरून बसलाय, असं तो म्हणाला. तीन आठवडे ब्रेक दाबूनच फिरत होतात, चढ कुठेही नव्हता, तो तुम्हीच बरोबर घेऊन हिंडत होतात. हा आवळला कुणी, असंही विचारलं. दुसऱ्या दुकानात करून घेतला, म्हणालो. उगाच वाद कशाला.

२४ मार्च, सकाळी
कालवा. जाताना सपाट, येतानाही सपाट. सायकल लोण्यासारखी पळाली. अकरा मीटर.

फार वाईट वाटलं. रोज घरी येऊन आरशात पाहत होतो, चढ चढून आलेला माणूस दिसायचा.

पण खचणार नाही. तीन आठवडे ब्रेक लावून चालवली म्हणजे पाय लोखंडाचे झाले असणार. घाट आता किरकोळ.

२८ मार्च, सकाळी
पाण्याच्या टाकीची टेकडी. खरा चढ, पन्नास मीटर. सहा वेळा चढलं की काम फत्ते.

एकतिसाव्या मीटरला पाय संपले. उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. यंत्र बिनचूक एकतीस दाखवत होतं. बायको रोजच्यासारखी टेकडीवर फिरायला आली होती. मला वाटलं आता टेबलाचा विषय निघणार. तिने मागून सीटला हात लावला आणि माथ्यापर्यंत सायकल ढकलली. लाज वाटली. बरंही वाटलं.

दुसऱ्यांदा चढलो नाही. हवामान योग्य नव्हतं.

३० मार्च
कॅप्टनबाईंचा फोन. घाटात मागून खाण्यापिण्याच्या आणि दुरुस्तीच्या सामानाची गाडी लागते, चालवणारा विश्वासू हवा. मी माझी अट घातली: डॅशबोर्डवर माझं यंत्र लावणार. त्यांनी ताबडतोब मान्य केली. माणसाने आपल्या अटींवरच काम करावं.

३१ मार्च, दुपारी १२.३०, घाटमाथा
माथ्यावरच्या पाटीवर उंची आठशे बारा मीटर. माझ्या यंत्रावर आठशे बारा! साडूच्या यंत्रावर सातशे नव्वद. स्टेशनची पाटी कामी आली. सगळे माझ्या यंत्राभोवती जमले. साडू घामाने निथळत आला, आकडा बघितला आणि हात पुढे केला. अभिनंदन करतोय असं वाटलं. त्याला केळं हवं होतं. दिलं.

कॅप्टनबाईंनी ग्रुपच्या वहीत मोहिमेची नोंद केली. अधिकृत उंची माझ्या यंत्रावरची धरली. मी मुद्दाम मागे उभं राहून वाचलं. खाली घाट चढलेल्यांची नावं आहेत, प्रत्येकापुढे लागलेला वेळ. सगळ्यात शेवटी माझंही नाव आहे.

माझ्या नावापुढे लिहिलंय: केळी व पंप.