माझ्या नावावर बाबांचे ठोके

प्रिय ताई,

ज्या ठोक्यांपायी तू फोनवर रडलीस ना, ते माझे नाहीत. बाबांचे आहेत. घे, सांगून टाकलं. शिव्या नंतर घाल, आधी पुढचं वाच.

निरोगी पोरांचं हृदय झोपेत कसं चालतं यावर तुझं संशोधन, आणि निरोगी म्हणून तुला मीच सापडलो! तुझं ते यंत्र छातीला चिकटवून फिरत होतो. दुपारी बाबा सोफ्यावर उघडेच घोरत पडलेले. कानाशी बँड वाजवला तरी ते कूस बदलत नाहीत, तुला माहितीये. म्हटलं, एवढी शिकलेली माझी ताई, बघू तिला कळतंय का! सगळ्या वायरी त्यांना लावल्या आणि उठायच्या आत काढल्या. काढताना छातीचे केस उपटले, तर झोपेतच पुटपुटले, डास फार झालेत. मी बाथरूममध्ये जाऊन पोट धरून हसलो.

मग यंत्रातली नोंद तुझ्याकडे पोचली आणि तुझा फोन. दुपारी तुझं हृदय मधेच थांबत होतं, काय करत होतास रे? मी म्हटलं, झोपलो होतो. तेव्हाच खरं बोलायला हवं होतं गं. पण तू रडायला लागलीस आणि मी फोन आईच्या हातात दिला. त्यात आईने असे लाड सुरू केले की दोन दिवस मला चक्क मजा वाटली.

आज गॅस संपला. मी उठलो तर बाबांनी खांदा दाबून बसवलं. तू पड वाघा, म्हणाले, आणि भरलेला सिलिंडर उचलून तीन जिने चढून आले. दारात भिंतीला टेकले, ओठ पांढरेफटक, आणि मलाच विचारतात, तुला दम नाही ना लागत? तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

फोनवर सांगणार होतो, पण बाबा सारखे शेजारी बसतात, माझ्या मनगटावर बोटं ठेवून. म्हणून हे शेजारच्या काकांबरोबर पाठवतोय, ते आत्ताच्या गाडीने तिकडे निघालेत. तू लगेच ये. संशोधनाला वयस्क माणूस हवाय म्हण, काहीही म्हण, पण बाबांना तपासायला ने. माझी नोंद काढून टाक. फक्त मी काय केलं ते बाबांना सांगू नकोस. ते रागावणार नाहीत गं, हसतील आणि पाठीवर थाप मारतील. ती थाप मला नाही सोसायची. पाया पडतो ताई, आईला नको, तुझ्या सरांना नको, कुणालाच सांगू नकोस.

तुझाच,
लाजेने अर्धा झालेला भाऊ